भांड्यांच्या संस्थेची शेवटची सभा

मला सेक्रेटरी केलं त्याचं कारण एकच. मोहल्ल्यात लॅपटॉप माझ्याकडे होता. तोही माझा नव्हता. एक गिऱ्हाईक दुरुस्तीला टाकून कासाब्लांकाला गेलं ते परत आलंच नाही. म्हणजे न्यायाने सेक्रेटरी त्याला करायला हवं होतं.

मी मोबाईल दुरुस्त करतो. कुठल्या शाळेत शिकलो नाही, व्हिडिओ बघून शिकलो. सुरुवातीला माझ्या हातून जे मोबाईल मेले ते सगळे आईच्या माहेरच्यांचे होते. त्यामुळे आईचं माहेर आमच्याशी जरा जपूनच बोलतं.

तर संस्था. कागदावर तिचं नाव एवढं लांब आहे की शिक्का दोन ओळींत बसवावा लागला. पण सगळे तिला ‘भांडी संस्था’च म्हणतात. मोहल्ल्यात कोणी गेलं की त्या घरात तीन दिवस चूल पेटवायची नसते. शेजारी रांधतात. त्यासाठी लागणारे हंडे, पराती, किटल्या, बसायच्या चटया, वर बांधायच्या ताडपत्र्या हे सगळं संस्थेचं. बा अल्लालनी संस्था काढली. तेच अध्यक्ष, तेच आचारी, तेच ताडपत्री बांधायला शिडीवर चढणारे. आता गुडघे गेल्यामुळे शिडी तेवढी सोडलीय.

एक दिवस ते माझ्या टपरीवर आले. स्टुलावर बसले. मी एका मोबाईलच्या पोटात डोकं घालून होतो.

“शुऐब, पोरा, बंद करायचीय.”

“काय, बा?”

“संस्था.”

मला वाटलं, एवढंच ना! म्हटलं, “करू की. कुलूप लावायचं आणि किल्ली द्यायची.”

“कुलूप लावून गेलो तर काय होईल माहितीय? मी डोळे मिटले की दुसऱ्या दिवशी हंडे भंगारात आणि किटल्या तुझ्या मामांच्या घरात.”

मामांबद्दल ते बोलले ते खरंच होतं.

“नीट बंद करायचीय. सगळी भांडी एकत्र, एका चुलीवर गेली पाहिजेत. वर डोंगरात मुलींचं वसतिगृह आहे, तिथल्या बाईंशी बोललोय मी. त्यांच्याकडे पोरी भरपूर आणि पातेलं एक. पण ते द्यायला कागद लागतो. आणि कागद मला जमत नाही, तुला जमतो.”

कागद मला जमतो ही मोहल्ल्याची समजूत. लॅपटॉप उघडला की माणूस शहाणा दिसतो, एवढंच.

बंद का करायची, हे मी विचारलं नाही. सगळ्यांना दिसत होतं. लोक मरायचे थांबले नव्हते, पण आता कोणी गेलं की घरचे फोन करतात आणि केटररची गाडी येते. पांढऱ्या कापडाच्या खुर्च्या येतात, हातमोजे घातलेली पोरं चहा ओततात. हातमोजे घालून सांत्वन! त्यात भांड्यांची शेड ज्या वक्फच्या जागेत होती ती त्यांना परत हवी होती. आणि बाची बायको, लल्ला तामू, तिला धाप लागायला लागली होती. तान्जियरला राहणारी त्यांची मुलगी रोज फोन करायची, दोघं इकडे या. बा म्हणायचे, येतो, आधी हे आवरतो. म्हणजे आता ते माझ्या आवरण्यावर होतं.

मी कायदच्या, म्हणजे आमच्या भागाच्या सरकारी अधिकाऱ्याच्या, ऑफिसात गेलो. तिथे सी मकी बसतात. (आमच्याकडे मानाने पुरुषाला ‘सी’ म्हणतात, बाईला ‘लल्ला’.) आमच्या भागातल्या सगळ्या संस्था त्यांच्या कपाटात आहेत. पुदिन्याचा चहा, कानावर पेन, आणि समोरच्याने बोलणं संपवलं की एक लांब श्वास.

“बंद करायची?” ते म्हणाले. “अशी कशी बंद करता येईल? सभासदांची सभा लागेल. दोन तृतीयांश हजर पाहिजेत.”

“सी मकी, आमचे दोन तृतीयांश सभासद कबरस्तानात आहेत.”

“मग सभा तिथे घ्या.”

मी हसलो. ते हसले नाहीत.

“कागदावर ते जिवंत आहेत, शुऐब. मेल्याचे दाखले आण, मग नावं कमी करू. नावं कमी झाली की दोन तृतीयांश कमी. आणि हो, कागदावर जेवढं सामान आहे तेवढं मला शेडमध्ये दिसलं पाहिजे. त्याशिवाय दुसऱ्या संस्थेला देता येणार नाही.”

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे आता तू घरोघर जाऊन विचारणार, तुमचा बाप मेल्याचा कागद द्या?”

“हो.”

“जेवून जा,” ती म्हणाली. “मार खायचाय तर भरल्या पोटी खा.”

पहिलं घर सी बूअज्झांचं. ते न्हावी आहेत, माझ्या टपरीच्या समोर. दिवसभर दोघं एकमेकांना बघत असतो, त्यामुळे मला वाटलं इथे सोपं जाईल. एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालाला फेस लावलेला, त्याला तसंच ठेवून ते माझ्याकडे वळले.

“माझ्या वडिलांचं नाव काढणार तू?”

“काढणार म्हणजे... ते वारले ना, सी बूअज्झा.”

“वारले म्हणून काय झालं? वारलेल्यांची संस्था आणि वारलेल्यांनाच बाहेर काढता?”

फेसवाला म्हणाला, “बरोबर आहे.” त्याचा काय संबंध?

शेवटी दाखला मिळाला, पण एका अटीवर. वडिलांची जागा रिकामी ठेवायची नाही, तिथे सी बूअज्झांचं नाव घालायचं. मी म्हटलं, अहो, आपण बंद करतोय. ते म्हणाले, बंद कर ना, कोण नाही म्हणतंय? पण बंद होईल तेव्हा आमच्या घराचं नाव आत पाहिजे. वस्तरा त्यांच्या हातात होता. मी नाव घातलं.

सगळीकडे हेच झालं. एका घरात मेलेला सभासद एक आणि मुलगे चार. चौघांनाही बापाची जागा हवी होती आणि चौघं एकमेकांशी बोलत नव्हते. मग चौघांनाही घातलं. एका म्हाताऱ्या विधवेने माझ्यासमोर नवऱ्याच्या नावाने अर्धा तास रडून घेतलं, मला मधात बुडवलेली भाकरी खायला लावली आणि सभासद झाली. वर मला म्हणाली, “तू फार चांगला पोरगा आहेस, पण असली अभद्र कामं का करतोस?”

तुम्हाला सांगतो, जी संस्था चालू असताना चटया उचलायला माणूस मिळत नव्हता, ती बंद करायला निघालो तर दुप्पट झाली. सी मकींनी नवीन नावं बघितली आणि तो लांब श्वास घेतला.

“तुला बंद करायला सांगितली होती.”

“हो.”

“ही वाढली.”

“हो.”

“माझ्या नोकरीत एवढ्या वेगाने वाढलेली दुसरी संस्था मी पाहिली नाही. अनुदान का नाही मागत?”

ही बातमी त्या ऑफिसातून बाहेर कशी गेली माहीत नाही. पण चारच दिवसांत पलीकडच्या नव्या वस्तीतला नौफल माझ्या टपरीवर आला. त्याचीही संस्था आहे. त्यांचे सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट आहेत. तो म्हणाला, आपण सहकार्य करू, तुमची जुनी नोंदणी आणि आमची नवी दृष्टी. मी त्याला बाच्या घरी नेलं. बा अंगणात मटार सोलत होते, शेजारी लल्ला तामू उशीला टेकून बसली होती.

“तुमच्याकडे चूल आहे?” बानी विचारलं.

“आम्ही जनजागृती करतो, हाज.”

“कशाची?”

नौफलने बराच वेळ सांगितलं. बा मटार सोलत राहिले. शेवटी लल्ला तामू म्हणाली, “पोरा, ते सगळं ठीक. पण लोक रडत असतात तेव्हा तुम्ही काय करता?”

नौफल म्हणाला, त्या विषयावर आमची एक कार्यशाळा आहे.

“मटार घेऊन जा थोडे,” लल्ला तामू म्हणाली. सहकार्य तिथेच संपलं. मटार मात्र त्याने नेले.

आता सामानाकडे येतो. खरं दुखणं तिथे होतं.

आमच्या मोहल्ल्यात भांडं रिकामं परत करत नाहीत. हे कोणीच करत नसेल. पण भांडी संस्थेच्या भांड्याची रीत त्याहून अवघड. दुःखाला आलेलं भांडं सुखाने भरून परत करायचं. म्हणजे घरात कोणी गेलं, संस्थेची परात आली, तर ती लगेच घासून परत द्यायची नाही. एखादं तरी भांडं ठेवून घ्यायचं. घरात लग्न होईल, बाळ होईल, कोणी हजहून येईल, तेव्हा त्यात गोडधोड भरून ते शेडवर आणून द्यायचं. लल्ला तामूनेच पाडलेली ही रीत. तिचं म्हणणं, त्या घराकडे नंतर कोणी बघत नाही. भांडं राहिलं की आपलं लक्ष राहतं, आणि त्यांनाही वाटतं, पुढे काहीतरी यायचंय.

रीत चांगली. पण त्यामुळे अर्धी शेड लोकांच्या घरात होती. आणि कोणाकडे काय अडकलंय ते बघितलं की कोणाच्या घरात अजून काहीच चांगलं घडलेलं नाही ते कळायचं. मला हे आधी कळलं नव्हतं. मी आपला वसुलीला निघाल्यासारखा निघालो होतो. “लल्ला, परात द्या.” “सी अमुक, किटली द्या.” लोक माझ्याकडे असं बघायचे की मी त्यांचा पायजमाच मागतोय.

मग मोहल्ल्याला घाई सुटली. संस्था बंद व्हायच्या आत भांडं फेडायचं, आणि रिकामं तर द्यायचं नाही. लोक सुख शोधायला लागले. सी बूअज्झांकडे वडिलांच्या वेळची मोठी परात होती. त्यांच्याकडे लग्नाचं कोणी नव्हतं. ते सहाव्यांदा गाडी चालवायच्या परीक्षेला बसले, पास झाले, आणि परातभर शेबाकिया, म्हणजे मधात बुडवलेली तळलेली मिठाई, घेऊन शेडवर आले. गल्लीभर हॉर्न वाजवत. गाडी दुसऱ्याची होती, परत लावताना तिचा आरसा गेला, पण परात फिटली. एका बाईने नुसतं “माझा दात दुखायचा थांबला” म्हणून किटलीभर बदामाचं दूध आणलं. आणखी एका घरातल्या दोघा भावांनी बोलणं सुरू केलं आणि त्याचं सुख म्हणून खजूर आणले. खजूर वाटताना पुन्हा भांडले, पण तोवर मी पोच दिली होती.

बा रोज काठी टेकत शेडवर यायचे. आलेलं भांडं हातात घेऊन फिरवून बघायचे. “ही किटली सी लार्बीच्या वेळची. पाऊस होता. चहा पातळ झाला होता.” मग पुढची. मी लॅपटॉपवर खूण करायचो, ते मेलेली माणसं आठवायचे. संध्याकाळी लल्ला तामूला सगळं जाऊन सांगायचे. तिला आता अंगणापर्यंतही येववत नव्हतं.

शेवटी एकच वस्तू राहिली. मोठा हंडा. तांब्याचा, दोन कड्यांचा, वर कुसकुसचा रवा वाफवायची चाळण बसते तो. सगळ्यात जुना. सगळ्यात महागडाही तोच, पण ते सोडा. त्याच्याशिवाय वसतिगृहाला बाकीचं सामान म्हणजे खेळणी.

हंडा लल्ला यामनाकडे होता. तिचा नवरा वारला तेव्हा तिच्या घरी गेलेला. बरीच वर्षं झाली. तेव्हा तिचा मुलगा इल्यास म्हणाला होता, मी हा हंडा भरून परत करीन. माझ्याहून जरा मोठा होता तो, आमच्या गल्लीत सगळ्यात चांगला पोहायचा. काही महिन्यांनी तो चोरून जाणाऱ्या होडीतून समुद्रावर निघाला. स्पेनला पोचलो की फोन करतो, फोन आला की तू हंडा भरून मोहल्ल्याला वाट, असं आईला सांगून गेला.

फोन आलेला नाही.

लल्ला यामना अजून तोच जुना बटणांचा मोबाईल वापरते. तो बंद पडला की माझ्याकडे घेऊन येते. “नंबर बदलायचा नाही हं, पोरा. बाकी काय वाटेल ते बदल.” त्या मोबाईलचं आता वरचं कवच सोडून काहीही मूळचं राहिलेलं नाही.

एका संध्याकाळी बाच्या घरी जाऊन मी म्हटलं, “एक हंडा राहिलाय.”

“माहितीय.”

“सी मकी म्हणतात, सगळं दिसलं पाहिजे.”

“तिच्याकडे जायचं नाही.”

“मग बंद कशी होणार? शेड महिनाअखेर सोडायचीय. नाही झाली बंद तर हे सगळं वक्फवाले उचलून लिलावात काढतील. तुम्हीच म्हणालात, एकत्र जायला हवं.”

बा माझ्यावर कधी ओरडले नव्हते. त्या दिवशीही ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, “आपण तिला काय सांगणार? की तू आता वाट बघू नकोस, आम्हाला शेड सोडायचीय?”

मला राग आला. खरं सांगतो. महिनाभर दुकान अर्धवेळ बंद ठेवून मी दारोदार फिरत होतो, लोकांचे बाप मारत होतो, लोक मला अपशकुनी म्हणायला लागले होते. एका लग्नाच्या बोलणीतून आमच्या आईला “तुमचा मुलगा दाखलेवाला ना?” असं विचारून परत पाठवलं होतं. आणि एका हंड्यावर सगळं अडलेलं. मी म्हटलं, “मग तुम्हीच करा बंद.” आणि निघालो. आतल्या अंथरुणावरून लल्ला तामूने हाक मारली. तिला बोलायला श्वास पुरत नव्हता. तिने नुसतं उशीखालून ऑलिव्हच्या तेलातली भाकरी काढून दिली. कागदात गुंडाळलेली. ती रोज माझ्यासाठी ठेवायची. मी रागात होतो तरी घेतली. गल्लीच्या टोकाला खाल्लीही.

सभा शुक्रवारी ठरवली होती. बुधवारी सकाळी लल्ला तामू गेली.

आईने मला उठवलं तेव्हा बाच्या दारात गर्दी होती आणि केटररचा कोणीतरी माणूस कार्ड घेऊन उभा होता. सी बूअज्झांनी त्याच्या हातातलं कार्ड घेतलं, स्वतःच्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, “भावा, तू जा. इथे संस्था आहे.”

इथे संस्था आहे! मी महिनाभर जी बंद करतोय ती.

मग जे झालं ते मी कधी बघितलं नव्हतं. ते सगळे नवे सभासद, बापाच्या जागी बसलेले, एकेक करून शेडवर आले. न बोलणारे चार भाऊ ताडपत्रीच्या चार टोकांना उभे राहिले. अजूनही न बोलता. त्यामुळे ताडपत्री जरा वाकडी बांधली गेली. परत आलेली सगळी भांडी पुन्हा बाहेर निघाली. सी मकींनी मोजावीत म्हणून मी ओळीने मांडली होती ती. किटल्या, पराती, चटया. फक्त हंडा नव्हता. एवढ्या माणसांचं कुसकुस छोट्या पातेल्यांत वाफवायचं म्हणजे संध्याकाळ झाली असती.

आणि बा नव्हते. म्हणजे होते, घरात होते, पुरुषांमध्ये भिंतीला टेकून. पण मोहल्ल्यातल्या प्रत्येक मयताला चुलीपाशी जो माणूस असायचा तो आज आत बसला होता, आणि काय करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. आतून निरोप यायचे. “बा विचारतात, चणे भिजवले का?” “बा विचारतात, कांदा कोण चिरतंय?” सी बूअज्झा आत जाऊन हात जोडून म्हणाले, “बा, आज तुम्ही घरचे आहात. आज तुम्ही विचारायचं नाही.” तेव्हा ते पहिल्यांदा रडले म्हणे. मी बाहेर होतो. मी कांदा चिरत होतो.

दुपार व्हायच्या आत गल्लीच्या वळणावरून काहीतरी घासत येण्याचा आवाज आला. लल्ला यामना हंडा ओढत आणत होती. एकटी. एक कडी दोन्ही हातांनी धरून, पाठमोरी, थांबत थांबत. आम्ही धावलो.

हंडा रिकामा होता. आतून बाहेरून घासलेला. एवढा लखलखीत की वर्षानुवर्षं रोज कोणीतरी घासत असावं.

“आज लागेल म्हणून आणला,” ती म्हणाली. मग माझा हात धरून, खालच्या आवाजात, “फक्त लागेल म्हणून. परत नेणारेय मी.”

“हो लल्ला.”

“अजून भरायचाय तो.”

“हो.”

कुसकुसचं काय झालं ते सांगायला नको, पण सांगतो. ते तीनदा वाफवायचं असतं, मधे उतरवून हाताने मोकळं करायचं. आम्ही गोंधळात दोनदाच वाफवलं. मीठ मी घातलं, आणि मी घातलंय हे माहीत नसल्यामुळे सी बूअज्झांनीही घातलं. एवढ्या गुठळ्या की त्यात चणे कुठले ते हाताला कळत नव्हतं. पहिली परात आत बाच्या पुढे ठेवली. मी दारात उभा. त्या माणसाने आयुष्यभर लोकांसमोर परात ठेवून विचारलंय, कसं झालंय? त्याच्यासमोर कधी कोणी ठेवली नव्हती.

त्यांनी घास घेतला. बराच वेळ चावला.

“मीठ?” सी बूअज्झांनी विचारलं.

“बरोबर आहे,” बा म्हणाले.

आणि पुन्हा हात घातला.

तिसऱ्या दिवशी शुक्रवार होता. नमाजनंतर सगळा मोहल्ला पुन्हा ताडपत्रीखाली. हंडा चुलीवर, वाफ येत होती. आज तीनदा वाफवलं होतं. सी मकी सांत्वनाला आले होते आणि परातीपाशी बसून जेवत होते. बा काठी टेकून बाहेर आले. सगळे उठायला लागले, त्यांनी हाताने बसवलं.

“सभा आजची होती ना, शुऐब?”

“बा, आज राहू दे.”

“सगळे आहेत. एवढे पुन्हा कधी येणार? मी मेल्यावर. तेव्हा मला यायला जमणार नाही.” थोडं हसले लोक. “तिची इच्छा होती आवरून जायची. मी उशीर केला. सी मकी, दोन तृतीयांश आहेत का बघा.”

सी मकींनी तोंडातला घास गिळला, कानावरचं पेन काढलं आणि मान फिरवून पाहिलं. “तीन तृतीयांश आहेत,” ते म्हणाले.

लॅपटॉप आणायला कोणी गेलं नाही. बाच बोलले. संस्था बंद. भांडी सगळी डोंगरातल्या मुलींच्या वसतिगृहाला. उद्या ट्रक येईल. ज्यांना मान्य त्यांनी हात वर करा. आणि त्यांनी स्वतःचा हात आधी वर केला. तो वर धरायलाही त्यांना त्रास होत होता. मग हळूहळू सगळे. विधवा बाई रडत रडत दोन्ही हात वर करून बसली होती, तिला कोणीतरी एक खाली करायला सांगितलं.

“सामान?” सी मकी म्हणाले. “सगळं आहे?”

मी किटल्या म्हटल्या, पराती म्हटल्या, चटया, ताडपत्र्या. मग थांबलो.

“आणि मोठा हंडा,” सी मकी म्हणाले. त्यांना सगळं पाठ असतं. “तांब्याचा.”

चूल त्यांच्यापासून चार हातांवर होती. हंड्याची वाफ त्यांच्या चष्म्यावर येत होती. चुलीच्या पलीकडे, बायकांमध्ये लल्ला यामना बसली होती. तिने पदरासारखा रुमालाचा कोपरा तोंडात धरला होता.

“तो हरवला,” बा म्हणाले.

चुलीवर हंडा खदखदत होता.

सी मकींनी चष्मा काढला. पुसला. हंड्याकडे बघितलं, बांच्याकडे बघितलं. मग तो लांब श्वास. “हरवल्याचा ठराव लागतो. तसंच लिहिता येत नाही.”

“मोठा हंडा हरवला आहे,” बा म्हणाले. “ज्यांना मान्य त्यांनी हात वर करा.”

आधी सी बूअज्झांचा हात गेला. मग त्या चार भावांचे, आयुष्यात पहिल्यांदा एकदम. मग सगळ्या मोहल्ल्याचे. हंड्यासमोर बसून, हंड्यातलं खाऊन, तुपाने माखलेले हात. माझाही होता. आईचा होता. लल्ला यामनाने हात वर केला नाही. ती नुसती जमिनीकडे बघत होती.

“एकमताने,” सी मकी म्हणाले आणि चष्मा परत घातला. मग परात पुढे सरकवून म्हणाले, “हंडा नसताना कुसकुस फार छान झालंय. अजून आहे का?”

संध्याकाळी मी आणि लल्ला यामनाने हंडा घासला. ती मला नीट घासू देत नव्हती, माझं घासलेलं पुन्हा घासायची. मग एक कडी तिने धरली, एक मी. रस्त्यात तिने एकदाही थांबू दिलं नाही. तिच्या दाराशी ठेवल्यावर मात्र दमून उंबऱ्यावर बसली.

“संस्था नाही राहिली म्हणजे आता?”

“नाही.”

“बा पण तान्जियरला जाणार.”

“हो, सोमवारी.”

ती हंड्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली. आत घरात तो मोबाईल चार्जिंगला लावलेला दिसत होता, भिंतीशी.

“मग इल्यासचा फोन आला की हा भरून द्यायचा कुणाला?”

मी सेक्रेटरी नव्हतो आता. दुपारपासून मी कोणीच नव्हतो.

“माझ्याकडे आणा,” म्हटलं.

“तू असशील ना इथे?”

“असेन.”

“तुला गोड काय आवडतं?”

मी विचार केला आणि सांगितलं. तिने ते एकदा मोठ्याने म्हणून बघितलं, विसरायला नको म्हणून.